रिळावरचा दोरा सैल कोण करतो?

डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांच्याजवळ जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताला दिसत नाही आणि डोळा पित्त तयार करीत नाही. म्हणजे प्रत्येक पेशीत काही जनुके जागी असतात, बाकीची निजलेली. त्यांना जागे कोण करते आणि निजवते कोण? उत्तराचा धागा शास्त्रज्ञांच्या हाती फार लवकर आला होता, पण तो ओढून पाहायला शंभरहून अधिक वर्षे गेली. त्या विलंबाची ही कथा मला सांगाविशी वाटते.

१८८४ साली जर्मनीतील आल्ब्रेख्त कोसेल यांनी पक्ष्यांच्या रक्तपेशींच्या केंद्रकातून एक प्रथिन वेगळे केले आणि त्याला हिस्टोन हे नाव दिले. पुढे डीएनएची महती कळली आणि हिस्टोन मागे पडले. आपल्या एका पेशीतील डीएनए सरळ पसरले तर सुमारे दोन मीटर भरते. ते एवढ्याशा केंद्रकात बसवायचे तर गुंडाळायला हवेच. १९७४ साली रॉजर कोर्नबर्ग यांनी या गुंडाळीची रचना मांडली. आठ हिस्टोन मिळून एक रीळ होते आणि त्यावर डीएनएचा दोरा जेमतेम पावणेदोन वेढे घेतो. डीएनए आणि प्रथिने यांच्या या गुंडाळीलाच क्रोमॅटिन म्हणतात. बहुतेकांना हे केवळ सामान बांधण्याचे काम वाटले. पेटीतल्या मालापुढे पेटीला कोण विचारतो?

एका माणसाने मात्र विचारले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचवले, की हिस्टोनवर अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चढला, की जनुकावरचा दाब कमी होत असावा. कल्पना सुटसुटीत होती. हिस्टोनवर धन विद्युतभार असतो, डीएनएवर ऋण. म्हणून ते एकमेकांना घट्ट धरतात. अ‍ॅसिटिल गट हिस्टोनच्या शेपटीवरचा धनभार झाकतो. पकड सैल होते आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरता येते.

अडचण एकच होती. जनुक जागे झाले म्हणून अ‍ॅसिटिल चढले, की अ‍ॅसिटिल चढले म्हणून जनुक जागे झाले? कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवायचे तर तो गट चढवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, हाती यायला हवे होते. ते मिळेना. दरम्यान कॅलिफोर्नियात मायकेल ग्रुनस्टाइन यांनी यीस्टवर प्रयोग करून हिस्टोन जनुकांच्या नियंत्रणात भाग घेतात, हे दाखवले.

विकर सापडले ते डबक्यातल्या एका एकपेशीय जीवात. टेट्राहायमेना त्याचे नाव. त्याच्या एकाच पेशीत दोन केंद्रके असतात, एक कामसू आणि दुसरे निवांत. डेव्हिड अ‍ॅलिस यांनी यातील कामसू केंद्रक निवडले. १९९६ साली त्यांच्या प्रयोगशाळेला अ‍ॅसिटिल चढवणारे विकर मिळाले आणि ते यीस्टमधील जीसीएन-५ या प्रथिनाशी जुळले. जीसीएन-५ हे जनुके चालू करण्यास मदत करते, हे आधीच माहीत होते! ऑलफ्रींच्या तर्काला बत्तीस वर्षांनी आधार मिळाला. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने अ‍ॅसिटिल उतरवणारे विकर शोधले. तेही यीस्टमधील एका ओळखीच्या प्रथिनासारखे निघाले, आणि त्याचा संबंध जनुकांच्या नियमनाशी होता. चालू आणि बंद, दोन्ही बाजू सापडल्या.

पुढे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. मिथिल नावाचा दुसरा गट कुठे जनुक निजवतो, तर कुठे जागे करतो. तो हिस्टोनच्या कोणत्या जागी बसला यावर ते ठरते. शिवाय या खुणा चढवणारी प्रथिने वेगळी, पुसणारी वेगळी आणि वाचणारी वेगळी.

हे ज्ञान प्रयोगशाळेतच राहिले नाही. अ‍ॅसिटिल उतरवणाऱ्या विकरांना अडवणारे व्होरिनोस्टॅट हे औषध अमेरिकेत २००६ साली त्वचेच्या एका लिम्फोमासाठी मंजूर झाले. हीच विकरे निरोगी पेशींतही काम करतात, त्यामुळे दुष्परिणाम होतातच; हे औषध रामबाण नव्हे. तरी एक फरक मोठा आहे. जनुकातील अक्षरे बिघडली तर ती दुरुस्त करणे कठीण असते. हिस्टोनवरच्या खुणा मात्र पेशी स्वतःच रोज चढवते आणि उतरवते. म्हणून तेथे औषधाला हात घालायला जागा मिळते. ज्याला नुसते बांधणीचे सामान म्हटले, तेथेच आज अनेक रुग्णांसाठी उपचार शोधले जात आहेत.