लेखनिकाचा हात

ज्ञानेश्वरी सांगितली ज्ञानेश्वरांनी आणि लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी, असे आपली परंपरा मानते. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, ही रीत आपल्याला नवी नाही. विदर्भातील गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत, आपले विचार सांगून लिहवून घेत त्यांनी ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. त्यांना आपण ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतो. शेजारी बसून लिहिणाऱ्यांची नावे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येतील.

शाळा-कॉलेजांच्या परीक्षांत हाच लिहिणारा ‘लेखनिक’ या नावाने भेटतो. १९५१ साली भारती ब्रेल ठरली आणि सहा ठिपक्यांत मराठीची सोय झाली. पण ब्रेलमध्ये लिहिलेले उत्तर तपासणार कोण? परीक्षकाला ती लिपी येत नाही. म्हणून अंध विद्यार्थ्याने सांगायचे आणि डोळसाने लिहायचे. हे काम बहुतेक ठिकाणी हौसेने येणाऱ्या मुलामुलींनी, गृहिणींनी, निवृत्त मंडळींनी केले; मानधनासाठी आलेले थोडेच.

कायदा मागाहून आला. १९९५च्या अपंगविषयक कायद्याने लेखनिक पुरवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली. २०१३च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकाच्या शिक्षणाची, गुणांची, वयाची अट काढली आणि तासामागे किमान २० मिनिटे जादा दिली. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. २०१८च्या सूचनांनी मात्र विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा शिक्षणात एक पायरी खालचा हवा, असे ठरवले. नक्कल होऊ नये हा हेतू समजतो. तरी या अटीत विद्यार्थ्याविषयीचा संशय आहे, आणि त्याची किंमत तोच मोजतो. बी.ए.चा विद्यार्थी ‘उपयुक्ततावाद’ म्हणतो आणि तो शब्द कधीच न ऐकलेला बारावीचा मुलगा पेन थांबवून पाहत राहतो. २०२१च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क आणखी रुंद केला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात, अपंगत्व ४० टक्क्यांपर्यंत पोचत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल दिला.

श्रोतेहो, महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या गावांत यापुढची एक अडचण आहे, आणि ती कोणत्याही सूचनेत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे देवनागरी लिहिणारा हात सहज मिळतो, पण त्याचा कान हिंदीचा असतो. विद्यार्थी ‘पाणी’ सांगतो, कागदावर ‘पानी’ उतरते. हे एक वेळ चालेल. पण ‘काळ’चे ‘काल’ झाले की इतिहासाच्या पेपरात पेशव्यांचा काळ हा पेशव्यांचा काल होतो आणि परीक्षक लाल रेघ मारतो. बेळगावकडे उलटे. कन्नड शाळेत शिकलेल्याला ‘ळ’ अचूक ऐकू येतो, पण देवनागरी भराभर लिहिण्याचा सराव नसतो. चूक कोणाचीही असो, गुण विद्यार्थ्याचे जातात.

मराठी ऐकून मराठी लिहिणारी माणसे आपल्या वाचनालयांत रोज संध्याकाळी बसलेली असतात. त्यांना शिकायचे ते एवढेच की उत्तर चुकत असले तरी सुधारायचे नाही, ओठ हलवायचे नाहीत, सांगितले तेच लिहायचे. परीक्षेआधी दोन-तीन जुने पेपर त्याच विद्यार्थ्याबरोबर सोडवले, तर त्याचा वेग आणि बोलण्याची लकब हाताला कळते. जादा मिळालेल्या तासातली शेवटची काही मिनिटे लिहिलेले सारे वाचून दाखवायला ठेवायची. ‘काल’चा ‘काळ’ तिथेच दुरुस्त होतो.