निळ्या ठिपक्याचे आयुष्य

संगणकाचा जुना पडदा व्यवस्थित चालू असताना तो बदलावा का, हा प्रश्न आता अनेक घरांत निघतो. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात असते. एकाच पडद्यावर दिवसा अभ्यास आणि रात्री खेळ चालतात. हवा असतो तो खूप रुंद, किंचित वक्र, 'ओलेड' जातीचा पडदा, आणि त्याची किंमत साध्या पडद्याच्या काही पट असते. मग विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला विचारले जाते, "सर, खरंच एवढा फरक असतो का हो?" फरक असतो. पण तो कशामुळे पडतो हे पाहिले, की रुपयांखेरीज आणखी काय मोजावे लागते तेही कळते. त्यासाठी या पडद्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

खेळ आणि पडदा यांचे नाते पहिल्यापासूनचे आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकीतज्ज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका ऑसिलोस्कोपच्या छोट्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला होता. पडदा होता कॅथोड किरण नलिकेचा, म्हणजे कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये बनवलेल्या नलिकेचा वंशज. इलेक्ट्रॉनांचा झोत आतल्या लेपावर आदळतो, तेथे क्षणभर प्रकाश पडतो आणि विझतो. एकच चित्र तासन्‌तास एकाच जागी राहिले तर तेथील लेप लवकर थकतो आणि चित्राचा पुसट डाग कायमचा उरतो. १९८० मध्ये आलेल्या 'पॅक-मॅन' या खेळाच्या यंत्रांवर, वीज बंद असतानाही, चक्रव्यूहाच्या रेषा दिसत. अटारी कंपनीच्या १९७९ च्या घरगुती संगणकांत तर अशी सोय होती, की काही मिनिटे कोणी कळ दाबली नाही तर पडद्यावरचे रंग आपोआप बदलू लागत. आपण ज्याला 'स्क्रीन सेव्हर' म्हणतो, त्या नावातला 'सेव्हर' हा शब्द याच दुखण्यावरून आला.

हे दुखणे द्रवस्फटिकांच्या पडद्याने जवळजवळ घालवले. तेथे प्रकाश देणारा एक आणि चित्र काढणारा दुसरा, अशी कामाची वाटणी आहे. मागे दिवा सतत पेटलेला असतो. पुढचे द्रवस्फटिक फक्त खिडकीच्या झडपांसारखे उघडमीट करतात. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना १८८८ मध्ये गाजरातून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलवर काम करताना दोनदा वितळणारा पदार्थ दिसला, ती या विषयाची सुरुवात. त्याला पडद्याचे रूप मिळायला ऐंशी वर्षे लागली. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिख यांनी पीळ दिलेल्या द्रवस्फटिकांच्या रचनेवर पेटंटचा अर्ज केला आणि पुढे घड्याळांपासून संगणकांपर्यंत तीच रचना पसरली. (या शास्त्रात भारताचाही एक ठसा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. पडदा बाजूनेही नीट दिसावा म्हणून लावल्या जाणाऱ्या पातळ पटलांत पुढे असे चकतीरेणू वापरले गेले.)

पण झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड येतोच. म्हणून द्रवस्फटिकी पडद्यावरचा काळा हा खरे म्हणजे गडद करडा असतो. शिवाय रेणूंना वळायला काही मिलिसेकंद लागतात. वेगवान खेळात पळणाऱ्या वस्तूमागे शेपूट दिसते. खेळणाऱ्यांची नेमकी या दोन गोष्टींबद्दल तक्रार असते, आणि ओलेड या दोन्ही मुळापासून दूर करतो. त्यात मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. विझला की तेथे काहीच प्रकाश नसतो, आणि विझायला मिलिसेकंदाचा अंशही पुरतो.

गमतीची गोष्ट अशी, की या दोन्ही घराण्यांच्या कुळकथेत एक माणूस समान आहे. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकाला काही शे व्होल्टचा दाब देऊन त्यातून प्रकाश मिळवला होता. १९६५ मध्ये कॅनडात ओटावा येथे याच अँथ्रासीनमध्ये एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने धन पोकळ्या सोडून, त्यांच्या मीलनातून प्रकाश येतो हे दाखवणाऱ्या दोघांपैकी एक होते वोल्फगांग हेलफ्रिख. म्हणजे पाच वर्षांनी ज्यांनी द्रवस्फटिकी पडद्याची वाट मोकळी केली, तेच. स्फटिक जाड, दाब प्रचंड. त्या काळी त्यातून घरात ठेवण्याजोगे काही निघणे कठीण होते.

वाट सापडली ती छायाचित्रणाच्या फिल्म बनवणाऱ्या कंपनीत. हाँगकाँगमध्ये जन्मलेले चिंग टँग १९७५ साली रॉचेस्टर येथे कोडॅकमध्ये रुजू झाले आणि सेंद्रिय पदार्थांचे सौरघट बनवू लागले. दोन वेगवेगळ्या सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर एकमेकांवर ठेवले तर त्यांच्या सीमेवर प्रकाशापासून वीज चांगली मिळते, हे त्यांनी दाखवले. तीच युक्ती उलट वापरली तर? स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्यासह १९८७ मध्ये त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात एक थर पोकळ्या वाहून आणतो, दुसरा इलेक्ट्रॉन, आणि सीमेजवळ दोघे भेटून हिरवा प्रकाश देतात. दोन्ही थर मिळून जाडी मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागाइतकी, आणि दाब दहा व्होल्टहून कमी. आजचा प्रत्येक ओलेड पडदा या निबंधाचा वारस आहे, असे म्हणायला आम्हांला संकोच वाटत नाही. मात्र त्याच निबंधात हेही नोंदवले आहे, की शंभर तास सतत चालवल्यावर प्रकाश बराच उतरला होता. जन्मापासूनच आयुष्याचा प्रश्न सोबत आला.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येते. १९९० मध्ये केंब्रिजच्या गटाने बहुवारिकातून प्रकाश मिळवला. १९९७ मध्ये मोटारीतल्या रेडिओवर, २००३ मध्ये कोडॅकच्याच कॅमेऱ्यावर छोटे पडदे आले. २००७ च्या अखेरीस सोनीने अकरा इंची दूरचित्रवाणी संच दोन लाख येनला विकायला काढला. त्याचा पडदा फक्त तीन मिलिमीटर जाड होता. कोडॅकने २००९ मध्ये आपला हा विभाग कोरियाच्या एलजीला विकण्याचे ठरवले आणि जानेवारी २०१२ मध्ये ती कंपनी स्वतःच दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली.

आता निळ्या ठिपक्याकडे वळू. वर्गात हे गणित फळ्यावर सहज मांडता येईल. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ६३० नॅनोमीटरच्या तांबड्यासाठी ती सुमारे २, तर ४६० च्या निळ्यासाठी २.७ येते. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यामधला साधा बंध तोडायला अंदाजे ३.२ लागतात. म्हणजे निळा प्रकाश देण्यासाठी उत्तेजित झालेला रेणू स्वतःच्याच मोडण्याच्या काठावर उभा असतो. असे दोन रेणू शेजारी आले आणि एकाने आपली ऊर्जा दुसऱ्याला दिली, तर ५.४ होतात आणि बंध तुटतो. तुटलेला रेणू पुन्हा कधीच प्रकाशत नाही. तांबड्याला ही भीती पुष्कळच कमी.

१९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटाने प्लॅटिनमसारख्या जड धातूचे संयुग वापरून एक मोठी गळती थांबवली. तोपर्यंत चार उत्तेजित अवस्थांपैकी साधारण एकच प्रकाश देई. बाकी तीन उष्णतेत वाया जात. जड धातूमुळे चारही कामी आल्या. तांबड्या आणि हिरव्या ठिपक्यांत ही युक्ती लवकर रुळली. निळ्यात मात्र त्या तीन अवस्था फार वेळ टिकतात, तितका वेळ आपसांत टक्कर होण्याची संधी वाढते, आणि रेणू झिजतात. म्हणून निळा बराच काळ जुन्याच, कमी कार्यक्षम पद्धतीवर राहिला. अनेक ओलेड मोबाइलमध्ये निळा ठिपका मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, म्हणजे त्याला कमी प्रवाहावर काम भागवता येते. पांढरे चित्र लावून असा मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली ठेवला, तर विद्यार्थ्यांना हे स्वतः पाहता येईल.

संगणकाच्या खेळांसाठी चौतीस इंची रुंद ओलेड पडदा २०२२ साली आला, डेलच्या एलियनवेअर या नावाने. त्याच्या पटलात सारा प्रकाश निळाच निर्माण होतो. तांबडा आणि हिरवा हे अतिसूक्ष्म पुंजकणांकडून निळ्याचे रूपांतर करून घेतलेले असतात. (या पुंजकणांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) म्हणजे संपूर्ण पडद्याची भिस्त सर्वांत नाजूक रंगावर. तीन वर्षांच्या हमीत डाग पडण्याचाही समावेश उत्पादकांनी केला होता, यावरून ग्राहकांची शंका कुठे होती ते दिसते.

रुंदीचेही थोडे पाहू. एडिसनच्या प्रयोगशाळेतून आलेली चित्रपटाची चौकट साधारण ४:३ होती आणि दूरचित्रवाणीने तीच उचलली. १९५० नंतर प्रेक्षक घरीच बसू लागले, तेव्हा चित्रपटगृहांनी पडदा ताणला. १९५३ चा 'द रोब' हा सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट. पुढे १६:९ आले, ते ४/३ चा वर्ग. आणि '२१:९' म्हणून विकले जाणारे प्रमाण मुळात ६४:२७, म्हणजे ४/३ चा घन. संगणकाच्या पडद्यावर ३४४० बाय १४४० ठिपके असतात, ते याच्या जवळचे प्रमाण. पायथागोरसचा सिद्धान्त लावला की कळते, चौतीस इंची रुंद पडद्याची उंची सुमारे १३.१ इंच भरते. सत्तावीस इंची साध्या पडद्याची १३.२. कर्णाचे सात इंच वाढले, पण उंची तसूभरही वाढली नाही. सगळी वाढ बाजूंना गेली.

आणि येथे रुंदी व झीज यांची गाठ पडते. १६:९ चे चित्र या पडद्यावर लावले तर दोन्ही कडांना मिळून पाव भाग काळा राहतो. काळा म्हणजे विझलेला. मधले ठिपके झिजतात, कडेचे ताजे राहतात. खेळातला कोपऱ्यातला नकाशा, गुणफलक, दिवसभर तळाशी असणारी संगणकाची पट्टी, हे सारे 'पॅक-मॅन'च्या चक्रव्यूहासारखेच आहे. नवे पडदे चित्र अधूनमधून किंचित सरकवतात आणि झिजलेल्या ठिपक्यांना थोडा जास्त प्रवाह देऊन उजेड सारखा करतात. पण जास्त प्रवाह म्हणजे पुन्हा जास्त झीज.

तेव्हा विचारणाऱ्याला आम्ही आधी उलट विचारू, की तुझ्या पडद्यावर दिवसातून किती तास काय स्थिर असते? आठ तास आज्ञावली लिहून तासभर खेळणाऱ्याने सुस्थितीतला द्रवस्फटिकी पडदा बदलू नये, असे आमचे मत आहे. अक्षरे वाचायला तो आजही चांगला आहे. अंधाऱ्या खोलीत मुख्यतः खेळ आणि चित्रपट पाहणाऱ्याला मात्र ओलेड जे देतो ते दुसरीकडे मिळत नाही, आणि सतत हलणारे चित्र पडद्याला समान झिजवते. जाहिरातीतल्या मिलिसेकंदाच्या अंशाने भुलू नये. प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत पेटलेलेच राहत असल्याने, सेकंदाला साठ चित्रे आणि सेकंदाला ९६० ठिपके पळणारी वस्तू असेल, तर डोळ्याला सोळा ठिपक्यांची पुसट कड ओलेडवरही दिसते. ती कमी करायची तर सेकंदाला जास्त चित्रे काढणारा संगणक लागतो, आणि त्याचा खर्च वेगळा.

थांबणाऱ्याचे नुकसान होण्याचा संभव कमी आहे. २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने निळ्यासाठी दोन थरांची रचना उत्पादनयोग्य ठरल्याचे जाहीर केले. त्यातला वरचा थर जड धातूच्या संयुगाचा आहे. खालचा अजूनही जुन्या पद्धतीचा.