पद्मिनीच्या बॉनेटखालचा इतिहास

१/ मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. या गाडीच्या आठवणी पुष्कळ निघतात. ती घरच्या घरी चालू कशी ठेवली जाई, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या खटपटीचे मूळ देशाच्या औद्योगिक धोरणात आहे.

२/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ‘११००’ तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली.

३/ १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ सुटे भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांना दार बंद झाले. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये गुंडाळला. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीनच कंपन्या उरल्या: हिंदुस्तान, प्रीमियर आणि स्टँडर्ड.

४/ उत्पादन परवान्याने बांधलेले, आयातीवर निर्बंध. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच हाती आलेली गाडी दोन-दोन दशके टिकवणे भाग होते. चोरबाजारातले जुने सुटे भाग हा त्या टिकवण्याचाच आधार.

५/ गाडीची रचनाही या खटपटीला अनुकूल होती. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अभाव. गाडी सुरू होईना, तर पहिला प्रश्न ठरलेला: पेट्रोल येत नाही की करंट?

६/ उत्तर स्पार्क प्लग देई. टोक काळे, काजळी धरलेले असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर पेट्रोल कमी. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. प्लग ओला असूनही इंजिन पेटत नसेल, तर संशय करंटवर.

७/ मग डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडायची. आतले पॉइंट ठिणग्यांनी काळवंडत. ते पॉलिश पेपरने घासून त्यांतली अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट पुन्हा जुळवायची. कार्ब्युरेटरमध्ये ‘कचरा आला’ की जेट काढून फुंकर मारायची.

८/ उन्हाळ्यात घाट चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि पुरवठा तुटे. उपाय एकच: पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहणे. बॅटरी उतरली तर दुसरा गिअर टाकून धक्का.

९/ या कौशल्याकडे आज स्वावलंबनाचा नमुना म्हणून पाहिले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. स्पर्धा नसल्याने कारखान्याला गाडी सुधारण्याची घाई नव्हती. जुन्या रचनेची उणीव मालक आणि टॅक्सीचालक आपल्या रविवारांनी, श्रमांनी भरून काढत. संरक्षित उद्योगाला मिळालेले हे अनुदान कोणत्याही अर्थसंकल्पात नोंदलेले नाही.

१०/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ग्राहकाला पर्याय मिळाला. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे नियम कडक होत गेले, तसा कार्ब्युरेटर जाऊन संगणक-नियंत्रित इंधनपुरवठा आला. हवेतला धूर कमी करण्यासाठी हे आवश्यकच होते. त्याबरोबर दोष शोधण्याचे काम मालकाच्या डोळ्या-कानांकडून कार्यशाळेतल्या स्कॅनरकडे गेले.

११/ परवाना-राजाचा इतिहास आपण कायदे आणि अहवालांतून वाचतो. तोच इतिहास प्लगवरच्या काजळीतही होता. ती वाचणारी पिढी अजून घराघरांत आहे. तिची साक्ष वेळेत नोंदवायला हवी.