लॅम्ब्रेटाचे पत्रे काढण्याआधी

अमरावती-अकोल्याकडे कुणी म्हणालं, "आमच्याकडे जुनी इटालियन गाडी पडून आहे," तर डुकाटीची स्वप्नं पाहू नका. बहुतेक वेळा ती स्कूटरच निघते. तीही मुंबईत नाहीतर पुण्यात बनलेली.

मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९५०च्या दशकात लॅम्ब्रेटाच्या धंद्यात उतरली. पुढे तीच गाडी 'लॅम्बी' नावानं विकली गेली. बजाजनं पियाजिओचा परवाना घेऊन व्हेस्पा काढली. करार १९७१मध्ये संपला, नाव चेतक झालं, साचा इटलीचाच राहिला. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. त्यामुळे गाडी घरी आली की तिला संसारालाच जुंपलं जायचं. पुढे पोरगं उभं, मागे बायको, पायाशी गॅसचं सिलिंडर.

मग तिच्यातून जुन्या धर्तीची रेसर काढणं हा खोटा इतिहास का? मला तसं वाटत नाही. ९ फेब्रुवारी १९५१ला रोम-ओस्तिया रस्त्यावर डिनो माझोन्चिनीनं व्हेस्पा ताशी १७१ किलोमीटरनं पळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोमोलो फेरीनं जर्मनीतल्या रस्त्यावर १२५ सीसीची लॅम्ब्रेटा २०१वर नेली. दोन कंपन्यांची इरेसरी होती ती. अर्थात, या गाड्या पत्र्याच्या बंद कवचातल्या टॉर्पेडोसारख्या होत्या. आज हौशी लोक करतात ती उघडी रेसर: हँडल खाली, सीट एकाचीच, बाजूचे पत्रे गायब.

हे लॅम्ब्रेटाला शोभतं, व्हेस्पाला नाही. लॅम्ब्रेटाचा सांगाडा नळीचा आहे. पत्रे म्हणजे नुसते कपडे, काढा आणि घाला. व्हेस्पा ज्यानं आखली तो कोर्राडिनो डास्कानिओ विमानं-हेलिकॉप्टरवाला इंजिनिअर. त्यानं पत्रा वाकवूनच सांगाडा केला. चेतकचा पत्रा कापणं म्हणजे तिचं हाड कापणं. वेल्डिंगवाला "होऊन जाईल" म्हणेल. त्याचं ऐकू नका.

दुसरा धोका आपल्या उन्हाचा. लॅम्ब्रेटाचं इंजिन वाऱ्यावर नाही, पंख्यावर थंड होतं. फ्लायव्हीलचा पंखा सिलिंडरभोवतीच्या आवरणातून हवा ढकलतो. बाजूचे पत्रे काढा, पण इंजिन छान दिसावं म्हणून हे आवरण काढलंत, तर हवा भलतीकडेच जाते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. तिथे पिस्टन जाम व्हायला मिलान-रोमएवढं अंतर लागणार नाही, मूर्तिजापूरच्या आतच काम होईल.

खरी अडचण मात्र कागदावर आहे. जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. म्हणजे १९६८ची लॅम्ब्रेटा कापून रेसर केलीत, की व्हिंटेजचा हक्क गेला. १९८०च्या दशकातली लॅम्बी दिसायला तशीच असली, तरी अजून पन्नाशीची नाही. रेसर करायचीच, तर तिची करा. पण ती ट्रॅकवरच पळवा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे रस्त्यावरच्या गाडीतही मनासारखे बदल करता येत नाहीत.

अमरावती-अकोला महामार्ग मोह घालतो खरा. जून २०२२मध्ये तिथे ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. पण इटलीतही १९५७मध्ये मिल्ले मिल्या शर्यतीतली मोटार प्रेक्षकांत घुसून नऊ जण गेले, आणि सरकारनं रस्त्यांवरच्या वेगाच्या शर्यती थांबवल्या.

पत्रे काढाल तेव्हा भंगारात देऊ नका. रंगही खरवडू नका. प्रत्येक नट-बोल्ट डब्यात भरून त्यावर चिठ्ठी लावा, पत्रे गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका. आणि पायाजवळच्या पत्र्यावर सिलिंडर घासून पडलेले गोल ओरखडे असतील, तर ते तसेच राहू द्या.