एका रेघेची आख्यायिका : ‘मरिनर-१’

१/ ‘ध’चा ‘मा’ झाला आणि नारायणराव पेशव्यांचा घात झाला, ही आख्यायिका महाराष्ट्राला परिचित आहे. अंतराळयुगातही अशीच एक कथा रूढ आहे. तिथे अक्षराच्या जागी एक रेघ आहे.

२/ २२ जुलै १९६२. शुक्राकडे जाणारे अमेरिकेचे ‘मरिनर-१’ केप कॅनव्हरलहून झेपावले. थोड्याच वेळात अग्निबाण मार्ग सोडू लागला. तो वस्तीवर वा जहाजांच्या मार्गावर कोसळण्याचे भय होते. २९३ व्या सेकंदाला सुरक्षा अधिकाऱ्याने तो नष्ट केला. आणखी सहा सेकंदांनी वरचा टप्पा विलग झाला असता आणि ती आज्ञा निष्फळ ठरली असती.

३/ चौकशीत आढळले की मार्गदर्शनाच्या समीकरणात एका चिन्हावरची आडवी रेघ राहून गेली होती. ‘वेगाचे क्षणिक चढउतार सरासरीने सपाट करून घ्या’ हा त्या रेघेचा अर्थ. ती नसल्याने जमिनीवरील संगणक किरकोळ चढउतारांनाही विचलन समजून अनावश्यक दुरुस्त्या धाडत राहिला.

४/ मात्र अपराध एकट्या रेघेचा नव्हता. अग्निबाणावरील रेडिओ उपकरणही नीट चालत नव्हते. दोन दोष एकत्र आले, तेव्हा नाश ओढवला.

५/ अवघ्या ३६ दिवसांनी जुळे यान ‘मरिनर-२’ निघाले. १४ डिसेंबरला ते शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेले आणि परग्रहाजवळून माहिती पाठवणारे पहिले यान ठरले. आख्यायिकेला एकच अपराधी पुरतो. पुढचे यान पोहोचवायचे, तर दोन्ही दोष शोधावे लागतात.