रवंथ

इंग्रजी भाषेतील ‘रुमिनेट’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. गाईगुरांनी रवंथ करणे हा पहिला आणि एखादी गोष्ट मनात पुनःपुन्हा घोळविणे हा दुसरा. घाईने गिळलेला चारा गाईच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात साठतो, भिजतो. मग ती निवांत बसली की घासाघासाने तोंडात परत आणून बारीक चावते. अलीकडे या शब्दाचा दुसरा अर्थ काहीसा आजारी झाला आहे. तेच ते दुःख उगाळीत बसण्याच्या सवयीला मानसशास्त्रज्ञ हेच नाव देतात. आपल्याकडेही ‘चर्वितचर्वण’ ही काही प्रशंसा नव्हे.

ख्रिस्ती परंपरेत मात्र हा शब्द मोठ्या मानाचा होता. लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दुभंगलेल्या खुरांचे व रवंथ करणारे पशू शुद्ध ठरविले आहेत. बर्नबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन पत्राने त्याचा असा अर्थ लावला की, रवंथ करणारा म्हणजे देवाचे वचन मनात घोळविणारा. या घोळविण्यात ओठही हलत असत. पहिल्या स्तोत्रात ‘मनन’ या अर्थी जे हिब्रू क्रियापद येते, तेच यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी योजिले आहे! चौथ्या शतकात इजिप्तमधील संत पाखोमियसचे मठवासी हातांनी काम करीत असताना पाठ केलेली वचने पुटपुटत. बाराव्या शतकात कार्थुसियन मठाधिपती दुसरा ग्विगो याने हीच उपमा शिडीसारखी मांडली : वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थनेत त्याची चव लागते आणि ईश्वरदर्शन म्हणजे ती गोडीच.

ग्विगोची शिडी सुबक आहे खरी, परंतु ती ग्रंथ वाचणाऱ्यांसाठी होती. या उपमेचे सर्वांत जिवंत उदाहरण त्याच्याही पाचशे वर्षे आधीचे असून ते एका गुराख्याचे आहे.

उत्तर इंग्लंडमधील व्हिटबी येथे सातव्या शतकात संत हिल्डा हिच्या आधिपत्याखाली स्त्रीपुरुषांचा संयुक्त मठ होता. तेथे कॅडमन नावाचा प्रौढ वयाचा माणूस राहत असे. मेजवानीत वीणा हातोहात फिरू लागली की, आपल्याला गाता येत नाही म्हणून तो लाजून उठून जाई. असाच एकदा तो उठून गोठ्यात गेला. त्या रात्री गुरांच्या राखणीची पाळी त्याची होती. झोपेत कोणीतरी त्याला नावाने हाक मारून सृष्टीच्या आरंभाचे गाणे गायला सांगितले, आणि त्याने ते गायिले. सकाळी त्याला हिल्डापुढे उभे केले गेले. विद्वानांनी त्याला शास्त्रातील एक उतारा सांगून पाहिला. तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तम काव्य करून परतला. हिल्डाने त्याला मठात घेतले व पवित्र इतिहास क्रमाक्रमाने ऐकविण्याची व्यवस्था केली.

हा वृत्तांत संत बीड याने 731 साली पूर्ण केलेल्या आपल्या लॅटिन इतिहासग्रंथात दिला आहे. कॅडमन ऐकलेले सारे स्मरणात ठेवी आणि शुद्ध पशूप्रमाणे रवंथ करून त्याचे मधुर गीत बनवी, असे तो सांगतो. गोठ्यात गुरांशेजारी निजणाऱ्या माणसासाठी बीडने लेवीय पुस्तकातलीच उपमा निवडावी, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. अक्षरओळख नसलेला हा गुराखी बीडच्या लेखी शास्त्राचा खरा अधिकारी होता. ज्यांना वाचता येत नव्हते, पण संपूर्ण रोझरी आणि उपवासकाळातली गीते मुखोद्गत होती, अशा आपल्या आज्यांना त्याची ओळख सहज पटली असती.

नवव्या शतकात बीडच्या ग्रंथाचे जुन्या इंग्रजीत भाषांतर झाले, तेव्हा भाषांतरकाराने ‘रवंथ’साठी देशी शब्द वापरला. लॅटिनवरून आलेले ‘रुमिनेट’ इंग्रजीत रूढ झाले ते सोळाव्या शतकात.

उत्पत्ती, इजिप्तमधून सुटका, प्रभूचा देहधारण, दुःखसहन, पुनरुत्थान, अंतिम न्याय या सर्वांवर कॅडमनने गीते रचली, असे बीड नोंदवितो. त्यांपैकी निश्चितपणे त्याच्या म्हणाव्यात अशा केवळ नऊ ओळी आज उरल्या आहेत. गोठ्यात त्या रात्री सुचलेल्या.