विज्ञानलेखनातील मराठी भाषाशैली

विज्ञानलेखनातील मराठी भाषाशैली म्हणजे निरीक्षणे, प्रयोग व निष्कर्ष मराठीतून मांडताना वाक्यरचना, परिभाषा आणि शुद्धलेखन यांबाबत पाळावयाची पद्धत. ललित लेखनात अर्थच्छटांची विपुलता गुण ठरते; विज्ञानलेखनात एका वाक्याचे दोन अर्थ होणे हा दोष आहे. सृष्टिज्ञान (१९२८) हे मासिक आणि मराठी विज्ञान परिषद (१९६६) यांनी अशा लेखनाची परंपरा जोपासली.

वाक्यरचना

इंग्रजी मजकूर समोर ठेवून लिहिताना दोष प्रामुख्याने क्रियापदात शिरतात. ‘संशोधकांकडून द्रावण तापवले गेले’ या रचनेला शालेय व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात. ती अशुद्ध नाही, पण बहुधा अनावश्यक असते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद मुळातच कर्माप्रमाणे चालते. त्यामुळे ‘द्रावण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले’ एवढ्याने भागते. कर्ता अध्याहृत राहतो आणि ‘गेले’ गळून पडते. ‘तापमानात वाढ घडवून आणली जाते’ हेही ‘तापमान वाढवतात’ असे लिहिता येते.

शब्दांचा क्रमही निर्णायक असतो. ‘फक्त पाच नमुने तापवले’ म्हणजे इतर नमुने तापवले नाहीत. ‘पाच नमुने फक्त तापवले’ म्हणजे त्यांच्यावर दुसरी कोणतीही प्रक्रिया केली नाही. प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या कृती आहेत.

परिभाषा

पुनरुक्ती टाळण्यासाठी समानार्थी शब्द योजावेत, ही निबंधाची शिकवण येथे बाजूला ठेवावी लागते. एका संकल्पनेला लेखभर एकच संज्ञा हवी. बोलण्यात एकमेकांऐवजी येणारे शब्द विज्ञानात भिन्न असतात: उष्णता व तापमान, चाल (अदिश) व वेग (सदिश), वस्तुमान व वजन. चंद्रावर वस्तूचे वजन पृथ्वीवरील वजनाच्या सुमारे एक षष्ठांश भरते, वस्तुमान मात्र तेच राहते.

शुद्धलेखन

ऱ्हस्व-दीर्घाची चूक कधीकधी शरीरातील स्थानच बदलते. ‘शिर’ म्हणजे डोके. हा तत्सम शब्द असल्याने त्याची वेलांटी ऱ्हस्व राहते. ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ लिहावा, या नियमाने ती दीर्घ होते. सामान्यरूपात तीही ऱ्हस्व होते, तेव्हा भेद केवळ लिंगावरून कळतो: ‘शिरेत’ म्हणजे रक्तवाहिनीत, ‘शिरात’ म्हणजे डोक्यात.